रत्नागिरी, अडीच दिवस, सोबत आई आणि नऊ वर्षांचा मुलगा: काय पाहू, काय सोडू?

सांजवारा
नमस्कार. २६ जानेवारी शुक्रवारी आल्याने सुट्टी जोडून मिळाली आहे. पुण्याहून गाडीने आंबा घाटातून रत्नागिरीला जातोय. शुक्रवारी दुपारी तीनपर्यंत पोहोचू, सोमवारी सकाळी परत. राहणार शहरातच, भाट्याच्या बाजूला. मी, नवरा, मुलगा (नऊ वर्षं, पाणी दिसलं की बूट काढतो) आणि सासूबाई (बहात्तर, गुडघे कुरकुरतात, पण "तुम्ही जा, मी गाडीत बसते" असं कधीच म्हणत नाहीत).

माझी यादी अशी: रत्नदुर्ग, थिबा राजवाडा, टिळक जन्मस्थान, पतितपावन मंदिर, मत्स्यालय, मांडवी, भाट्ये, आरे-वारे, गणपतीपुळे, मालगुंड, जयगड, हेदवी, पावस, गणेशगुळे, पूर्णगड, कशेळी, कातळशिल्पं, मार्लेश्वर.

यातलं काय जमेल? क्रम कसा लावू? आणि हो, आईंना संकष्टीला गणपतीपुळ्याला दर्शन घ्यायचंय. संकष्टी नेमकी सोमवारी आहे, म्हणून परतताना तिकडून यायचं ठरवलंय.

गाडीवान
सगळं होतं. आम्ही केलंय. शनिवारी पहाटे पाचला निघा, मार्लेश्वर करून गणपतीपुळे, जयगड, संध्याकाळी आरे-वारे. रविवारी पावस, पूर्णगड, कशेळी, येताना किल्ला आणि राजवाडा. जेवण गाडीत. रस्ते आता बरे आहेत.

शंकासुर
गाडीवान, सासूबाईंना पण गाडीतच जेवायला घालणार का? बहात्तर वय लिहिलंय हो त्यांनी, किलोमीटर नाही.

फणसगरा
यादी वाचूनच दम लागला. अठरा ठिकाणं मोजली. मार्लेश्वर आत्ताच खोडा. देवरुखच्या पुढे सह्याद्रीच्या कुशीत आहे ते, समुद्राची दिशा सोडून उलटं जायचं आणि वर पायऱ्या. गुडघ्यांवर दया करा. धबधबाही पावसाळ्यात बघावा.

खाडीकाठ
मी रत्नागिरीचाच. चाळीस वर्षं पाहुण्यांना फिरवतोय, त्यात दहा वर्षं चुकीचंच फिरवलं. म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

तुम्ही ठिकाणांची यादी केलीत, पाण्याची केली नाहीत. इथे कुठलं ठिकाण कधी बघायचं ते भरती-ओहोटी ठरवते. भाट्याची वाळू ओहोटीला मैदानासारखी असते. भरतीला तीच वाळू निम्मी राहते आणि पोराला खेळायला सुरूच्या झाडांत जावं लागतं. हेदवीची बामणघळ तर ओहोटीला गेलात तर कातळातली एक भेग, बस. लोक येतात, "हेच का ते?" म्हणतात, फोटो काढतात आणि जातात. भरतीला त्याच भेगेत लाट घुसते आणि पाणी आवाज करत वर उसळतं.

भरतीची वेळ काढायचा आमच्या आज्यांचा हिशोब सोपा. तिथीची पाऊणपट करायची. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती. साधारण सहा तासांनी ओहोटी. रोज वेळ पाऊण तासाने पुढे सरकते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाणी कमी चढतं-उतरतं. हिशोब ढोबळच आहे.

तुमच्या गुरुवारी पौर्णिमा. म्हणजे शनिवारी वद्य द्वितीया, दोनाची पाऊणपट दीड. आता बसा आणि यादी पुन्हा लावा.

मिऱ्याबंदर
खाडीकाठ काका, एक दुरुस्ती. पाऊणपट मुंबईकडे जास्त बरोबर बसते. भरतीची लाट आपल्या किनाऱ्यावर दक्षिणेकडून वर सरकते, त्यामुळे रत्नागिरीत पाणी मुंबईच्या थोडं आधी भरतं. शनिवारी साडेबारा धरा. आणि मुंबईत जेवढं पाणी चढतं-उतरतं तेवढं इथे होत नाही, तेव्हा ताई फार घाबरू नका. बंदरावरच्या लोकांकडे वेळांचा तक्ता असतो, मोबाईलवरही मिळतो, नक्की वेळ त्यावरूनच बघा.

खाडीकाठ
मान्य. माझ्या आजीचं माहेर अलिबागचं होतं, तिने मुंबईचा हिशोब इकडे आणला असावा :)

सांजवारा
बापरे, हे कुणीच सांगितलं नव्हतं. म्हणजे हेदवी करायचं तर शनिवारीच? आणि सकाळी निघून दुपारी बाराला तिथे?

खाडीकाठ
होय. शनिवार उत्तरेचा ठेवा, रविवार दक्षिणेचा. असं करा:

शुक्रवारी आलात की खोलीवर पाठ टेका. प्रवास तीनशे किलोमीटरच्या वर झालेला असेल, हातखंब्याच्या आसपास महामार्गाच्या कामाने कंबर ढिली झालेली असेल. पाचच्या सुमारास भाट्याला उतरा. पाणी तेव्हा बरंच आत गेलेलं असेल. काजळी नदी जिथे समुद्राला मिळते ते खाडीचं तोंड दिसेल, पलीकडे मांडवी, त्याच्या मागे रत्नदुर्गाचं टोक. सूर्य सव्वासहा-साडेसहाला बुडतो. आईंना चालवत नसेल तर सुरूच्या सावलीत खुर्ची टाकून बसू दे. त्या दिवशी आणखी काही करू नका.

शनिवारी साडेसहाला निघा. गणपतीपुळ्याला आरे-वारेच्या किनारी रस्त्याने पंचवीसेक किलोमीटर. निवळीवरून गेलात तर अंतर जवळजवळ दुप्पट. जाताना आरे-वारेला वरच्या वळणावर दोन मिनिटं थांबा, दोन किनारे आणि मधली खाडी एका नजरेत येते. खाली उतरू नका, ते परतीला. साडेसात-पावणेआठला देवळात. सुट्टीत दहानंतर रांग बाहेर येते.

मग मालगुंडला केशवसुतांचं घर आणि स्मारक, फार तर अर्धा तास. तिथून जयगड. किल्ला शास्त्री नदीच्या मुखावर आहे, पण तुमच्याकडे वेळ असेल तरच. जयगडहून फेरीबोटीत गाडी चढवायची, खाडी ओलांडून तवसाळ, पुढे हेदवी. पोराला अख्ख्या सहलीत काय आवडेल विचाराल तर मी फेरीबोटीवर पैज लावतो. आपली गाडी आपल्यासकट पाण्यावरून जाते, यापुढे किल्ले-बिल्ले काय!

हेदवीला दशभुजा गणेश बघा, साडेबाराच्या आत बामणघळीपाशी. घळीच्या काठावर कुणी उभं राहायचं नाही. कातळ शेवाळाने निसरडा असतो आणि लाट सांगून येत नाही.

पुणेरी_पाटी
पण आईंना दर्शन सोमवारी हवंय ना? शनिवारी द्वितीयेला जाऊन काय उपयोग?

वेंगुर्लेकर
संकष्टीला पुळ्याला जाणं म्हणजे दिवाळीच्या आदल्या दिवशी लक्ष्मी रोडला जाणं. त्यात ही जोडून सुट्टीची संकष्टी. रांगेत दोन-तीन तास उभं राहून वर पुण्याला गाडी चालवायची? मुळीच नको.

सांजवारा
हेच घरी सांगितलं. आई म्हणाल्या, "मी उभी राहीन." विषय संपला.

खाडीकाठ
आईंना माझा नमस्कार सांगा आणि एक गोष्ट सांगा. पावसच्या बाजूला गणेशगुळे म्हणून गाव आहे. तिथलं देऊळही जुनं. आमच्याकडे म्हण आहे की गुळ्याचा गणपती पुळ्याला गेला. म्हणजे देव मूळचा गुळ्याचा, तिथून उठून पुळ्याला जाऊन बसला. तर रविवारी दक्षिणेला जाताना मूळ घर बघू, असं सांगून बघा. गर्दी जवळजवळ नसते.

आणि सोमवारी सकाळी भाट्याला झरी विनायक आहेच. तुमच्या मुक्कामापासून पाच मिनिटांवर. संकष्टी तिथे होते की.

शंकासुर
काका, तुम्ही वकिली करायला हवी होतीत.

खाडीकाठ
केली. तीस वर्षं. बहुतेक हरलो.

भटकी_मांजर
रविवारबद्दल मी लिहू का? मला दक्षिण जास्त आवडते. कशेळीला सकाळी लवकर जा, आठ-साडेआठला. कनकादित्याचं देऊळ म्हणजे सूर्याचं मंदिर, कोकणात अशी फार नाहीत. लाकडी मंडप, कौलारू छप्पर, आत थंड. मूर्ती सौराष्ट्रातल्या प्रभासपाटणहून गलबतातून आली अशी आख्यायिका आहे, गलबत कशेळीपाशी अडलं आणि पुढे हलेना. शिलाहार राजा भोजाचा ताम्रपट देवळाकडे आहे, ११९१ सालचा.

त्याच गावच्या सड्यावर (उघड्या कातळाच्या माळावर) कातळशिल्प आहे. जांभ्यात कोरलेला हत्ती, सुमारे अठरा मीटर लांब आणि तेरा मीटर रुंद. त्याच्या पोटात इतर प्राणी, मासे कोरलेत. लवकर जा म्हणते त्याचं कारण उन्हाचं आहे. रेषा उथळ आहेत. तिरप्या उन्हात त्यांच्यात सावली पडते तेव्हा आकृती दिसते. बाराच्या उन्हात नुसता काळा-तांबडा खडक दिसतो, वर चटके. सड्यावर झाड नाही.

गाडीवान
कातळशिल्पं मी पाहिलीत. जमिनीवरच्या रेघा. लहान मुलाला तिथे नेऊन काय दाखवणार?

भटकी_मांजर
कितीला गेला होतात?

गाडीवान
दोन वाजता.

भटकी_मांजर
बरं.

शंकासुर
=))

कोकणरेल
२०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत ही कातळशिल्पं गेली. रत्नागिरी जिल्ह्यातली सात ठिकाणं (कशेळी, रुंढेतळी, देवाचे गोठणे, बारसू, देवीहसोळ, जांभरूण, उक्षी), सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसायमळ. काळाबद्दल अजून तज्ज्ञांत एकमत नाही. वेळ कमी असेल तर उक्षीचा हत्ती शहराच्या जवळ पडतो, गावकऱ्यांनी भोवती भिंत बांधून नीट जपलाय. मुलाला गंमत हवी असेल तर देवाचे गोठणे. तिथे शिल्पाच्या जागी होकायंत्राची सुई भरकटते, खडकातल्या चुंबकत्वामुळे. पण ते राजापूरच्या बाजूला, तुमच्या वेळेत बसवू नका.

(अवांतर: उक्षी आणि भोके या स्टेशनांच्या मधे कोकण रेल्वेचा करबुडे बोगदा आहे, साडेसहा किलोमीटर. पुढे निवसरच्या बाजूला पानवल नदीवरचा पूल, ६४ मीटर उंच. कधीतरी गाडी सोडून रेल्वेने या.)

सांजवारा
होकायंत्राचं मुलाने वाचलं. आता घरात आंदोलन चालू आहे. कोकणरेल, तुमचे आभार मानू की काय करू कळत नाही.

पोहण्याबद्दल विचारायचं राहिलं. आरे-वारेला पाण्यात उतरलं तर चालेल ना? फोटोत फार शांत दिसतं.

मिऱ्याबंदर
नाही.

सुरुबन
मिऱ्याबंदरने एका शब्दात संपवलं, मी जरा लिहिते, कारण माझ्यासमोर घडलंय. आरे-वारे आणि गणपतीपुळे, दोन्हीकडे बुडालेल्यांच्या बातम्या दरवर्षी येतात. तळ एकदम खोल जातो. घोट्याएवढं पाणी, पुढचं पाऊल कमरेला, पाठीमागून लाट. आणि भरती उतरायला लागली की पाणी आत ओढतं. आमच्याबरोबरच्या एकाला पोहायला उत्तम येत होतं, तोच ओढला गेला. तिथल्या मच्छीमारांनी काढला, म्हणून आज हे लिहिताना मला रडू येत नाहीये. शनिवारी दुपारी भरती उतरत असताना तुम्ही आरे-वारेला पोहोचणार. मुलाला पाण्यात सोडू नका. घोट्यापर्यंत, हात धरून, बास.

भाट्ये त्यातल्या त्यात उथळ, पण खाडीच्या तोंडाकडे तिथेही नाही.

चाकरमानी
भाट्यावरून आठवलं. ओहोटीला वाळू कडक असते म्हणून मी नवी गाडी थेट खाली नेली होती. फोटो फार भारी आले. मग चाक रुतलं. मग पाणी परत यायला लागलं. मग ट्रॅक्टर शोधला. ट्रॅक्टरवाल्याने शांतपणे बिडी पेटवली आणि पाणी टायरला लागेपर्यंत भाव वाढवत नेला. गाडी वरच ठेवा.

फणसगरा
खाण्याचं कुणीच लिहिलं नाही?? जानेवारीत आंबा मागू नका, आंब्याला आत्ता मोहोर असतो. आमच्याकडे पाहुणे येतात आणि हापूस कुठे मिळेल विचारतात, दाखवायला फक्त झाड असतं. आंबापोळी, फणसपोळी घ्या. मासे खात असाल तर हीच वेळ, पावसाळ्यातली मासेमारी बंदी नसते, सुरमई-बांगडा ताजा. सकाळी मिरकरवाड्याच्या बंदरात लिलाव बघा, पोराला मत्स्यालयापेक्षा जास्त मासे दिसतील, तेही फुकट. (वास येतो. आधीच सांगतो.)

पुणेरी_पाटी
मत्स्यालयात देवमाशाचा सांगाडा आहे पण. नऊ वर्षांच्या मुलाला तो चुकवू नका.

भटकी_मांजर
थिबा राजवाड्याचं बोलू द्या जरा, तो या सगळ्यात मागे पडतोय. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा. १८८५ मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतलं, त्याला बायका-मुलींसह इकडे आणून ठेवलं. राजवाडा बांधून झाला १९१० ला. म्हणजे जवळजवळ पंचवीस वर्षं तो दुसरीकडेच राहिला, आणि राजवाडा मिळाल्यावर सहा वर्षांत, १९१६ ला, इथेच वारला. परत कधी गेला नाही. आता तिथे संग्रहालय आहे, सोमवारी बंद. सरकारी सुट्टीचंही विचारून घ्या, २६ तारखेला गेलात आणि कुलूप दिसलं असं नको. आत जमलं नाही तरी थिबा पॉइंटवर बसा. भाट्याची खाडी, पूल आणि समुद्र खाली पसरलेला दिसतो. परक्या गावात नजरकैदेतल्या माणसाला रोज असा समुद्र दिसत असेल तर बरं वाटत असेल की वाईट, हे मला तिथे दरवेळी पडणारं कोडं.

खाडीकाठ
नजरकैदेला हे गाव सरकारला सोयीचं वाटायचं. सावरकरही १९२४ पासून १९३७ पर्यंत इथेच स्थानबद्ध. पतितपावन त्याच काळातलं, १९३१, भागोजी कीरांनी बांधून दिलेलं. शहराच्या मधे आहे, टिळक आळीपासून जवळ. टिळकांचा जन्म त्या आळीतला, १८५६. ही दोन्ही जेवायला जाता-येता होतात, त्यांना वेगळा दिवस नको.

रत्नदुर्ग मात्र शक्यतो ठेवा, रविवारी उतरत्या उन्हात. घोड्याच्या नालासारखा आकार, तीन बाजूंना पाणी. गाडी बरीच वर जाते, शेवटी पायऱ्या आहेत.

सांजवारा
सगळ्यांचे मनापासून आभार. छापून घेतलंय. परत आल्यावर लिहिते.

सांजवारा
आलो! उशीर झाला लिहायला, कपड्यांच्या घडीतून अजून वाळू निघतेय.

शुक्रवार: भाट्ये, काकांनी सांगितल्याप्रमाणे. आई अनवाणी पाण्याच्या कडेने चालल्या. पुण्यात जिना उतरताना "आई गं" म्हणणारी बाई अर्धा तास वाळूत चालली. ओली वाळू गुडघ्यांना बरी वाटते म्हणे. नंतर मात्र रात्री शेक घ्यावा लागला.

शनिवार: गणपतीपुळ्याला आठला पोहोचलो, वीस मिनिटांत दर्शन. डोंगराची प्रदक्षिणा मी आणि नवऱ्याने केली, साधारण किलोमीटरभर. मालगुंड झालं. आणि मग आम्ही चुकलो. मुलाला जयगडचा किल्ला बघायचा होता, तिथे तासभर गेला आणि फेरीबोटीला सुट्टीची ही रांग. हेदवीला पोहोचायला पावणेदोन. पाणी उतरायला लागलं होतं. उसळलं, पण तुम्ही लिहिलंत तसं नाही. तीन-चार वेळा उडालं, मुलगा टाळ्या पिटत होता, मी घड्याळाकडे बघत होते. फेरीबोटीवरची पैज मात्र काका जिंकले. जाता-येता दोन्ही वेळा तो कठड्याला चिकटून होता, गाडीत बसायला तयार नाही.

आरे-वारेला उतरलो, घोट्यापर्यंत. तिथे दोन तरुण कमरेएवढ्या पाण्यात उभे होते. सुरुबन, तुमचं वाचलेलं होतं म्हणून नवऱ्याने जाऊन सांगितलं. ऐकलं नाही त्यांनी. तिथल्या सरबतवाल्याने ओरडल्यावर बाहेर आले.

रविवार: कशेळी सव्वाआठला. शिल्पाजवळ उभं राहिलं की हत्ती दिसतच नाही, एवढा मोठा. मुलाने कडेकडेने चालत सोंड शोधली, मग पाय, मग पोटातला एक मासा, आणि तिथून पुढे आम्हाला तासभर हलता आलं नाही. दहानंतर ऊन वर आलं तशा रेषा खरंच पुसट होत गेल्या. गाडीवान, तुमची बाजू तेव्हा थोडी पटली.

पावसला प्रसाद घेतला. पूर्णगड वगळला. किल्ला आणि राजवाडा दोन्ही राहिले, आई दमल्या होत्या. संध्याकाळी फक्त थिबा पॉइंट. मुलाला राजाची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "मग त्याला घरी का जाऊ दिलं नाही?" मला नीट उत्तर देता आलं नाही.

आणि गणेशगुळे. देवळात आम्ही पाचच माणसं. आईंना काकांची गोष्ट सांगितली, देव इथून उठून पुळ्याला गेला म्हणून. त्या बराच वेळ बसल्या. मग म्हणाल्या, "गेला असला तरी घर त्याचंच ना. लेक सासरी गेली तरी माहेर रिकामं होतं का?" सोमवारचा पुळ्याचा हट्ट तिथेच सुटला. सोमवारी सकाळी झरी विनायक, मग सरळ घाट. उपास सोडायला आम्ही चंद्रोदयाच्या आधी घरी.

खाडीकाठ
वा. आईंचं वाक्य मी वापरणार आहे, त्यांना कळवा. पुढच्या वेळी जयगडचा किल्ला परतताना. घळ थांबत नाही, किल्ला थांबतो.

गाडीवान
ठीक आहे, मी पण सकाळी जाऊन बघतो एकदा.

नवखा_प्रवासी
हा धागा वाचला, खूप उपयोगी. आम्ही आठ जण मार्चमध्ये येतोय, दोन दिवस. हेदवी, आरे-वारे, कशेळी आणि किल्ला, कुठल्या दिवशी काय करू?

खाडीकाठ
तिथी सांगा.

नवखा_प्रवासी
१६ आणि १७ मार्च.

शंकासुर
तारीख नाही हो. तिथी. कालनिर्णय काढा.